अक्षताचं तिसरं शिफारसपत्र

उचगाव,
ता. २४ नोव्हेंबर १९९६

चि. प्रसेनजीत यास आबाचा जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? पाठीचं दुखणं तुझं कॉलेजपासूनचं, तिकडच्या थंडीत डोकं वर काढत असेल. सूनबाई संयोगिता बरी आहे ना? चि. ऋतुराज आता चालतो की पळतो, हे आम्ही आपलं इथं बसून अंदाजानं धरायचं. दात येताना त्याला त्रास झाला का? आपल्या घरात सगळ्यांनाच दात उशिरा आले, काळजी करू नये. इकडे तुझ्या आईचे गुडघे बोलायला लागलेत, पण तोंड गुडघ्यापेक्षा जास्त बोलतं, म्हणजे तब्येत ठीक समजायची. माझं ब्लडप्रेशर गोळीवर आहे. तुझी बहीण अक्षता बरी आहे, फक्त जेवत नाही. तेच सांगायला बसलोय.

पत्र बघून दचकला असशील. पाकिटावर बाहेर नुसता पत्ता आहे, पोस्टाला लागतो तेवढाच. मागं तू कळवलं होतंस, आमच्या बिल्डिंगमध्ये आपल्या महाराष्ट्रातली माणसं राहतात, पाकिटावर ठळक जयभीम लिहीत जाऊ नका. त्यानंतर मी पाकीटच लिहिलं नाही. असो. तो विषय आज काढायचा नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तू गाढव नव्हेस अन् मी हरी नव्हे, पण अडलोय हे खरं. पत्ता अक्षताच्या कपाटातल्या कार्डावरून घेतला. दर वाढदिवसाला तू तिला कार्ड पाठवतोस अन् दोघं मिळून माझ्यापासून लपवता, हे मला पहिल्या कार्डापासून ठाऊक आहे.

अक्षता अमेरिकेतल्या विद्यापीठाला अर्ज करतेय. रसायनशास्त्रात पीएच.डी. मुंबईला जाऊन त्या दोन्ही इंग्रजी परीक्षा देऊन आली, मार्क चांगले पडले. तिथं पोरांना शिकवायचं काम देतात, त्यावर आपलं शिक्षण निघतं म्हणे. अर्ज एकाच ठिकाणी. तिच्या विषयातलं ते नेमकं काम तिथंच चालतं, असं ती सांगते. तुला कळवायचं नाही, दादाच्या जिवावर काही करायचं नाही, अशी तिची आण आहे. म्हणून हे पत्र तिच्या नकळत.

घोडं अडलंय शिफारसपत्रावर. तिला शिकवलेल्या तिघांची तीन पत्रं पाहिजेत, पाकीट बंद करून वर चिकटवल्या जागी सही. दोघांनी दिली. तिसरे सावर्डेकर सर, तिचे गाईड. दोन वर्षं तिनं त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काढली, तेव्हा खरी किंमत त्यांच्याच पत्राची. माणूस चांगला. पण म्हणाले, “अक्षता, तूच लिहून, टाइप करून आण. मी सही ठोकतो.” सगळीकडं अशीच पद्धत आहे म्हणे. पोरं आपली स्तुती आपणच लिहितात अन् सर खाली सही करतात.

आपली बया ऐकत नाही. “मी हुशार हाय, मेहनती हाय, असं माझं मीच लिहू व्हय आबा?”

तुझी आई म्हणाली, “लिही की! आपली पाठ आपण थोपटायची न्हाय, तर कोण येणार हाय थोपटायला?”

“हात पोचत न्हाय आई तिथं,” म्हणाली, अन् ताट सारून उठली.

तर तू एक कर. तू न्यूजर्सीत, ते विद्यापीठ आयोवात. नकाशात मी वीत लावून बघितली, वीतभरसुद्धा भरत नाही. एखाद्या रविवारी जाऊन ये अन् तिथल्या साहेबाला सांग, माझी बहीण आहे, एक पत्र मागंपुढं होईल, सांभाळून घ्या. मी जन्मभर एस.टी. चालवली, पण रजेचा अर्ज कधी नुसता टेबलावर ठेवून आलो नाही. साहेबापुढं जाऊन उभा राहिलो. माणूस समोर दिसला की कागद हलतो.

मीही इकडून एक बंदोबस्त करतोय. झाला की कळवीन. सूनबाईस अन् बाळास आशीर्वाद.

तुझा,
आबा


उचगाव,
ता. १५ डिसेंबर १९९६

चि. प्रसेनजीत यास जयभीम.

तुझं उत्तर नाही. पोस्टाचा काय नेम, कदाचित अजून पोचलंच नसेल. इथं सगळे ठीक आहेत, तुम्ही तिघं ठीक असाल असं धरून चालतो.

बंदोबस्त झाला. ऐक.

शिफारसच पाहिजे ना? मग शिफारस म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला शिकवायला नको. सरांची सही कुठं अन् साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची सही कुठं! त्यांच्या चिठ्ठीवर आपल्या वस्तीत नळ आला, चिठ्ठीवर पोरं नोकरीला लागली. मी मात्र त्या बंगल्याची पायरी कधी चढलो नव्हतो. युनियनमध्ये होतो तेव्हाही नाही, रिटायर झालो तेव्हाही नाही. तुला माहीत आहे माझा स्वभाव. पण पोरीपुढं स्वभाव कसला घेऊन बसायचा? धुतलेलं धोतर नेसून सकाळीच गेलो.

ओसरीवर जत्रा भरलेली. एकाला बदली पाहिजे, एकाला उसाची तोड. पीए म्हणाला, “पावणं, कुठलं? काम काय?”

“उचगावचा. पोरीला अमेरिकेच्या विद्यापीठात जायचंय. शिफारस पाहिजे.”

तो पेन खाली ठेवून बघतच राहिला. “अमेरिका कुठल्या तालुक्यात येती म्हणायची? तिकडं आपला एकबी संचालक न्हाय बघा.”

सगळी ओसरी हसली. मीही हसलो. हसलो नसतो तर उठून यावं लागलं असतं.

चेअरमनसाहेब मात्र नीट बोलले. “पोरगी किती शिकली?”

“एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास.”

“मग कारखान्याच्या लॅबमध्ये घालू की. उद्या पाठवा. अमेरिका कशाला?”

खरं सांगतो प्रसेनजीत, क्षणभर ‘हो’ म्हणायला जीभ उचलली होती. पोरगी डोळ्यांसमोर राहील, संध्याकाळी घरी येईल. एक लेकरू तिकडं आहेच. पण म्हणालो, “साहेब, तिला तिकडंच जायचंय.” ते म्हणाले, “बरं. लिहा हो, चांगलं लिहा.”

पीएनं इंग्रजीत टाइप केलं. डिक्शनरी घेऊन बसलो अन् शब्दन् शब्द लावला. मतलब असा: ‘सदर मुलगी मागास समाजातील, गरीब व होतकरू असून माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तरी आपल्या कोट्यातून तिला एक जागा देऊन उपकृत करावे.’ गरीब हा शब्द जरा टोचला. मला पेन्शन आहे, आपण काही मागून खात नाही. मागास हा तर सरकारी शब्द, दाखल्यावर असतोच. पण लेटरहेड काय सांगू तुला! सोनेरी अक्षरं, वर कारखान्याची चिमणी, खाली गोल शिक्का. तिच्या माहितीपुस्तिकेवरचा पत्ता उतरवून काढला अन् शाहूपुरीच्या पोस्टातून पोचपावतीसकट रजिस्टर केलं. एक झेरॉक्स जवळ ठेवली.

अक्षताला सांगितलेलं नाही. ती सरांच्या केबिनबाहेर रोज उभी राहते अन् सर रोज म्हणतात, “आणलंस का लिहून?” अर्ज तिनं पाठवून दिलाय. दोन पत्रं गेलीत. तिसऱ्यावाचून फाइल पुढं सरकत नाही म्हणते. मी मनात म्हणतो, सरकेल.

तू विद्यापीठात जाऊन आलास का, ते कळव.

आबा


उचगाव,
ता. १९ जानेवारी १९९७

चि. प्रसेनजीत,

खुशाली विचारायचं भान नाही आज. राग मानू नकोस.

हात दाखवून अवलक्षण झालं.

मंगळवारी विद्यापीठाचं छापील कार्ड आलं. ‘तुमची फाइल पूर्ण झाली, तिन्ही शिफारसपत्रे मिळाली, फाइल निवड समितीकडे जाईल.’ अक्षता नाचायचीच बाकी राहिली. तिला वाटलं, सरांनी तिला न सांगता आपल्या हातानं लिहून पाठवलं. तशीच सायकल काढून पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलेजात गेली. सर म्हणाले, “मी? मी कुठं पाठवलंय? तू लिहून आणलंसच नाहीस.” पोरगी पुडा तसाच घेऊन परत आली.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण वाटलं, बघू, कदाचित दुसऱ्याच कुणाचं असेल. गुरुवारी पोस्टमन पोचपावती घेऊन आला, तीही नेमकी तिच्या हातात दिली. खाली अमेरिकेतल्या बाईची सही अन् पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

“आबा, हे काय?”

झेरॉक्स काढून दिली. ती उभ्यानं वाचत होती, वाचता वाचता खाली बसली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“चेअरमनसाहेबांनी मला कधी बघितलंय?”

“न्हाय.”

“मग चांगल्या परिचयाची कशी?”

“अगं, तसं लिहायचं असतंय.”

“सर बी हेच म्हणतात. तसंच असतंय, लिहून आण.” मग म्हणाली, “आबा, आजपर्यंतच्या सगळ्या अर्जात जातीचा रकाना होता. ह्या एका अर्जात नव्हता. जन्मात पहिल्यांदा.”

मला लागलं ते. म्हणालो, “म्हणजे तुला लाज वाटती व्हय? दादासारखी?”

तुझं नाव यायला नको होतं, पण आलं. ती म्हणाली, “लाज न्हाय. त्यांनी विचारलं तर सांगीन की. पण माझं काम वाचायच्या आधी त्यांनी ते वाचायचं का? अन् गरीब, अन् कोट्यातून? तिथं कोटाच नसतोय आबा. भीक मागितल्यासारखं दिसतंय.”

तुझ्या आईनं मला दोन दिवस वाटी आदळून आमटी वाढली. तिचं म्हणणं, “तोंड हाय म्हणून सगळीकडं घालायचं नसतंय. गाडी तुमची होती का? मग स्टिअरिंगला कशाला हात लावला?”

आता परिस्थिती अशी. तीन पत्रं मोजून झाली. दोन खरी अन् एक चेअरमनसाहेबांचं. सरांच्या पत्राची कुणी वाट बघत नाही. समितीपुढं पोरगी जाणार ती गाईडच्या पत्रावाचून, वर गळ्यात हा ताईत बांधून. अक्षतानं शाहूपुरीत जाऊन फॅक्स केला, ते पत्र धरू नका, तिसरं पत्र यायचं आहे. उत्तर नाही. फॅक्स पोचला का, कुणी वाचला का, काही पत्ता नाही. पोरगी दिवसातून दोनदा त्या दुकानात जाऊन विचारते.

तुझा फोन नंबर आमच्याकडं नाही. नाहीतर उधार-उसनवार करून फोनच केला असता. तू जाऊन भेट असं मी लिहिलं होतं. अक्षता सांगते, न्यूजर्सी ते आयोवा म्हणजे कोल्हापूरहून दिल्लीच्याही पलीकडं. तेव्हा जाऊ नकोस. पण फोन कर. विद्यापीठाचा नंबर अन् तिचा अर्ज क्रमांक खाली लिहिलाय. सांग, ते पत्र तिच्या बापानं तिला न विचारता धाडलं, बाप अडाणी आहे, पोरगी नाही. माझ्याबद्दल काहीही सांग. माझी हरकत नाही.

आकारामच्या एसटीडी बूथचा नंबरही देतो. पी.पी. म्हणून सांगितलंस की तो बोलवायला येतो.

आबा


उचगाव,
ता. ९ फेब्रुवारी १९९७

चि. प्रसेनजीत यास जयभीम.

आकाराम चपला न घालता पळत आला. “आबा, पळा! अमेरिका लाइनवर हाय!” निम्मी वस्ती मागं आली. तुझ्या आईचे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते.

तुझा आवाज जाड झालाय. आधी मला वाटलं, दुसराच कुणी बोलतोय. तू ‘आबा’ म्हणालास तेव्हा ओळखलं. तुझ्या आईला तू दोनदा सांगितलंस, “हळू बोल, ऐकू येतंय,” पण एवढ्या लांब हळू बोलून भागेल हे तिला पटत नाही. ती अजून म्हणते, शेवटचं वाक्य पोचलं नसणार. ते वाक्य असं होतं: बाळाला घेऊन एकदा ये.

फोनवर गडबड होती, म्हणून आता नीट लिहितो. तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात अक्षता सरांकडं गेली अन् चेअरमनसाहेबांच्या पत्राची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. सरांनी वाचली अन् खो खो हसले. “अरे, हे कुणी लिहिलं? ह्या माणसानं तुला बघितलं तरी आहे का?”

ती म्हणाली, “नाही सर. तुम्ही बघितलंय.”

एवढंच. सरांनी झेरॉक्स घडी करून तिला परत दिली. मग म्हणाले, उद्या सकाळी ये. सकाळी गेली तर सर लिहीतच होते, आपल्या हातानं, चार-पाच कागद फाडून टोपलीत टाकलेले. पाकीट बंद केलं, वर सही केली अन् ते तिच्या हातात देताना म्हणाले, “अवघड असतं गं. आजवर कधी लिहिलंच नव्हतं.”

त्याच दिवशी कुरियर केलं. मी बरोबर होतो. पाकीट माझ्या हातात होतं तेव्हा उन्हात धरलं तर आतली अक्षरं अंधुक दिसत होती. मी पाकीट खाली केलं. एकदा पोळलंय, आता ताकही फुंकून पितो.

तू सांगितलंस की सरांचं पत्र पोचलं, फाइलला लागलं. आलेला कागद फाइलमधून काढत नाहीत, त्यामुळं चेअरमनसाहेबही आतच राहणार, फक्त मागं. ते ऐकल्यापासून मला झोप कमी लागते. समितीतला एखादा माणूस मागून पुढं वाचणारा असला तर?

अन् तू म्हणालास, त्या ऑफिसातल्या बाईनं तुला विचारलं, मागास समाज म्हणजे काय, हे पत्र कशाबद्दल आहे. मी विचारलं, मग? तू म्हणालास, “सांगितलं आबा.” मी म्हणालो, काय सांगितलंस? तू परत म्हणालास, “सांगितलं.” तेवढ्यात आईनं रिसीव्हर ओढून घेतला.

मी जास्त विचारत नाही. सूनबाई बरी आहे, बाळ पळतो, हे तू आपणहून सांगितलंस, तेवढं आठवडाभर पुरलं. पण तू तिच्यासाठी विद्यापीठात फोन केलास हे अक्षताला सांगितलं तेव्हा ती बूथवरच रडली, अन् आकारामनं आलेल्या फोनच्या बिलात मिनिटं कमी लावली.

निकाल एप्रिलात. तोवर वाट बघायची. घाटात समोरून गाडी आली की आपण कडेला घेऊन थांबतो, तसं. इंजिन बंद करता येत नाही अन् पुढंही जाता येत नाही.

आबा


उचगाव,
ता. २० एप्रिल १९९७

चि. प्रसेनजीत यास जयभीम. सूनबाई अन् चि. ऋतुराज खुशाल असतील.

झालं. अक्षताला घेतलं. शिकवायचं कामही दिलं. परवा तुझा फोन आला तेव्हा तू ऐकलंसच, पण कागदावर लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही, म्हणून लिहितो. पाकीट आलं तेव्हा ती घरी नव्हती. मी ते फोडलं नाही. तुझी आई दोन तास त्याच्यासमोर बसून होती, जणू ते उडून जाईल. पोरीनं फाटकातच उभ्यानं वाचलं, मग परत वाचलं, अन् आत येऊन म्हणाली, “आबा, जेवायला वाढा.” मीच वाढलं. तीन भाकरी खाल्ल्या.

सावर्डेकर सर घरी येऊन गेले. वस्तीत पहिल्यांदाच आले, चहा घेतला. चेअरमनसाहेबांच्या पीएचा निरोप आला, ‘आमच्या पत्राचा उपयोग झाला म्हणायचा.’ मी म्हणालो, झाला. आता त्याच्याशी कुठं वाद घालू?

अजून मुंबईला वकिलातीत जायचं आहे, व्हिसाचं घोडं गंगेत न्हायचं आहे. त्याची धाकधूक आहेच. पण आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं.

तिथं आधीपासून शिकणाऱ्या दोन मराठी मुलींचं अक्षताला पत्र आलंय. चांगलं पत्र आहे, मायेनं लिहिलंय. विमानतळावर न्यायला येऊ, आमच्या खोलीत तिसरी जागा आहे, तांदूळ आणू नकोस, कुकर आण. अन् शेवटी लिहिलंय: ‘तुझ्या आडनावावरून नीट कळलं नाही. तुम्ही मूळचे कुठले, घरी कुठले सणवार असतात, काय चालतं काय नाही, ते कळव, म्हणजे एकत्र राहायला सोपं जाईल.’

अक्षतानं ते मला वाचून दाखवलं अन् विचारलं, “आबा, काय लिहू?”

मी म्हणणार होतो, लिही की बेधडक! तोंडात शब्द आले होते. पण त्या खोलीत मी राहणार नाही, ती राहणार. रात्री दार लावल्यावर आत तिघीच असणार. इथं उचगावात आपल्या माणसांत बसून छाती काढायला काय लागतं? तिकडं गेल्यावर पहिल्या दिवशी कोण काय विचारतं, खरं सांगितलं की पुढं चहा येतो का येत नाही, खोटं सांगितलं तर ते किती वर्षं सांभाळावं लागतं, ह्यातलं मला काहीच माहीत नाही. तुला माहीत आहे.

मी तिला म्हणालो, दादाला विचारू.

ती म्हणाली, “दादा खरं सांगेल?”

म्हणालो, सांगेल.

तेव्हा मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मी रागवेन म्हणून काही गाळूही नकोस. पत्र तिच्याच नावानं लिही, मी वाचणार नाही. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या त्या बाईला तू फोनवर जे सांगितलंस, ते सांगताना कसं वाटलं अन् सांगून झाल्यावर काय झालं, तेवढं जरी लिहिलंस तरी तिला पुरेल.

त्या मुलींना तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. कोरा कागद घेऊन बसते अन् परत ठेवते. तुझ्या पत्राची वाट बघतेय. लवकर लिही बाळा.

तुझा,
आबा